वाऱ्याने घडवलेली सायकल

रत्नागिरीहून भाट्याच्या पुलावर दुपारी सायकल घातली, की समुद्राकडून येणारा वारा आपल्याला आडवा धरतो. रोज या पुलावरून शाळेत येणाऱ्या मुलाला हवा जोर लावते हे वेगळे शिकवावे लागत नाही. पण वारा पूर्ण पडलेला असतानाही सायकलस्वार वाऱ्यातच असतो. तो वारा त्याने स्वतःच, आपल्या वेगाने निर्माण केलेला असतो. या वाऱ्याचा विचार करून जिचा प्रत्येक भाग घडवला आहे, अशी एक सायकल आहे : टाइम ट्रायल शर्यतीची सायकल.

प्रथम पाहताना ती विचित्र वाटते. मागचे चाक थाळीसारखे बंद, नळ्या चपट्या, हँडलवर पुढे आलेली दोन शिंगे. मडगार्ड नाही, कॅरियर नाही. थोडा वेळ पाहत राहिले की मात्र ती सुंदर दिसू लागते. हे सौंदर्य येते कोठून?

एकट्याची शर्यत

मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्या परिचयाची आहे. तिच्यात सगळे स्पर्धक एकदम सुटतात आणि घोळक्याने धावतात. पुढच्याच्या आडोशाला राहिले की मागच्याचे श्रम पुष्कळ वाचतात. टाइम ट्रायलमध्ये स्पर्धक ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात आणि कोणाच्या आडोशाला राहण्याची परवानगी नसते. खरा प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. तीही जात याच प्रकारची : सुमारे ४,९०० किलोमीटर, आणि समोरची सारी हवा स्वतःच कापायची.

हवेचा हिशेब

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग तिप्पट झाला, तर रोध नऊपट होतो. आणि तो रोध तिप्पट वेगाने ओलांडायचा असल्यामुळे लागणारी शक्ती सत्तावीसपट होते! ताठ बसून ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला हवेसाठी सुमारे २२ वॉट शक्ती खर्चावी लागते. त्याच बैठकीत ताशी ४५ किलोमीटर वेग गाठायचा, तर सुमारे ५९० वॉट लागतील. एवढी शक्ती तासभर देणे चांगल्या शर्यतपटूलाही अशक्य आहे. तेव्हा नुसते पाय बळकट करून भागत नाही. रोधच कमी करावा लागतो.

टोक पुढे की मागे?

'हवा कापणाऱ्या वस्तूचे चित्र काढा' असे सांगितले, तर बहुतेक मुले पुढे अणकुचीदार टोक काढतात. आता मिरकरवाड्याच्या बंदरावर उतरलेला बांगडा नीट पाहा. त्याचा जाड भाग पुढच्या बाजूला असतो आणि शरीर शेपटीकडे हळूहळू निमुळते होत जाते. निसर्गाने काळजी घेतली आहे ती मागच्या बाजूची.

याचे कारण असे. गोल नळीवर हवा आदळते, दोन्ही बाजूंनी वळते, पण नळीच्या मागे तिला चटकन एकत्र येता येत नाही. तेथे भोवरे तयार होतात व दाब कमी होतो. पुढे जास्त दाब आणि मागे कमी दाब, म्हणजे नळी जणू मागे ओढली जाते. मागची बाजू निमुळती केली, तर हवा सावकाश मिटत येते. तेवढ्याच जाडीच्या गोल नळीच्या मानाने अशा आकाराचा रोध एक-दशांशाच्या आसपास येऊ शकतो. टाइम ट्रायल सायकलच्या नळ्या समोरून पात्यासारख्या अरुंद आणि बाजूने रुंद दिसतात त्या यामुळेच.

हे वर्गात करून पाहा. साधारण सहा सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठा पेटत्या मेणबत्तीसमोर थोड्या अंतरावर उभा धरा आणि पुठ्ठ्यावर फुंकर मारा. ज्योत पुठ्ठ्याकडे झुकेल! मागच्या भोवऱ्यांचा हा पुरावा. आता जाड कागद वळवून त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटवा, म्हणजे पाण्याच्या थेंबासारखा छेद तयार होईल. चिकटवलेली कड मेणबत्तीकडे ठेवून गोल बाजूवर फुंकर मारा. या वेळी ज्योत दूर झुकेल. (कागद ज्योतीला लागणार नाही याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे.)

बंद चाक

चाकाची गंमत याहून वेगळी आहे. सायकल ताशी ४५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि सर्वांत वरचा बिंदू ताशी ९० किलोमीटर वेगाने पुढे जात असतो. म्हणजे वरून जाणारे आरे दुप्पट वेगाने हवा घुसळतात. इटलीच्या फ्रान्सेस्को मोझर याने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत बंद चाकांच्या सायकलीवर एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर तोडले. रस्त्यावरच्या शर्यतीत मात्र पुढचे चाक सहसा बंद ठेवत नाहीत. आडव्या वाऱ्याने ते शिडासारखे ढकलले जाईल आणि हँडल हातात राहणार नाही. भाट्याचा पूल आठवला, की हे लगेच पटते.

सर्वांत मोठा भाग

आतापर्यंत आपण सायकलकडे पाहिले. पण एकूण रोधाचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो. ती दोन शिंगे आहेत ती यासाठी. त्यांवर कोपरे टेकली, की हात जवळ येतात, पाठ आडवी होते आणि रोध जवळजवळ निम्म्यावर येतो. १९८९ च्या 'तूर द फ्रान्स'मध्ये शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने अशी शिंगे वापरली. आघाडीवरच्या लोराँ फिन्यों याने वापरली नाहीत. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली.

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीची गोष्ट तर मुलांना जरूर सांगावी. त्याने स्वतःच सायकल बनवली, तिच्यात धुलाई यंत्राचे बेअरिंग बसवले आणि हात छातीखाली दुमडून बसण्याची नवी पद्धत शोधली. १९९३ मध्ये त्याने एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर तोडून मोझरचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या बैठकीवर बंदी घातली. ते योग्य होते का? वर्गात यावर चांगला वाद होऊ शकेल.

लाखो रुपयांची सायकल आपल्या शाळेत येणार नाही. पण तिच्यातला सर्वांत मोठा शोध, म्हणजे शरीराची ठेवण, फुकट आहे. एखाद्या मोकळ्या मैदानाच्या सौम्य उतारावर, चांगल्या ब्रेकची साधी सायकल घेऊन एकाच विद्यार्थ्याला पायडल न मारता सोडा. एकदा ताठ बसवून, एकदा हँडलवर वाकवून, पण नजर समोर ठेवून. सायकल कोठे थांबते तेथे खूण करा. प्रत्येक प्रकार पाच वेळा करून सरासरी काढा.

आणि या सायकलीला आंबा घाटात नेले तर? चढावर वेग ताशी १०-१२ किलोमीटरवर आला, की झगडा हवेशी कमी आणि गुरुत्वाकर्षणाशी जास्त होतो. तेथे चपट्या नळ्यांचे काम संपते आणि हलकेपणाचे सुरू होते. म्हणजे ही सायकल सर्वांत चांगली नव्हे. ती एका प्रश्नाचे चांगले उत्तर आहे. तो प्रश्न कळला, की तिची प्रत्येक रेषा वाचता येते. ती सुंदर का वाटते, याचेही उत्तर बहुधा त्यातच आहे.