छत वर, मुक्काम सुरू

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यावर बसणारा, छत वर होणारा कॅम्पर घरीच बांधणारे हौशी बरेच आहेत. छत खाली असलं की वारा कमी अडतो, गाडीचा तोल सांभाळला जातो. मुक्कामाला ते उचललं की आत ताठ उभं राहता येतं.

खरा हिशेब वजनाचा. गाडीला किती भार चालेल, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, आणि त्यात माणसंही धरलेली असतात. पाऊण इंची प्लायची 8 बाय 4 फुटी एक शीटच 30 किलोच्या आसपास भरते. म्हणून बरेच जण फोमच्या शीटवर गोंदाने कॅनव्हास चिकटवून वर घराच्या बाहेरच्या भिंतींचा रंग मारतात. स्वस्त आणि हलकं काम, पण फांदी घासली की चीर पडते.

छताला मोटारीच्या डिकीला असतात तसे गॅसचे दांडे लावतात. ते कमजोर निघाले तर छत खाली बसतं, जास्त जोरकस निघाले तर बंद करताना लोंबकळावं लागतं. नंतर वर सोलर पॅनल चढवलं की गणित पुन्हा पहिल्यापासून! बाजूचं व्हिनाइलचं कापडही मिटताना आत ओढून घ्यावं लागतं, नाहीतर कडेत चिमटतं.

आत गॅसची शेगडी ठेवणार असाल, तर लक्षात ठेवा: एलपीजी हवेपेक्षा जड असतो; गळतीचा सेन्सर जमिनीलगतच हवा.

आपल्याकडे हा घाट घालायचा असेल, तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत.