मूळ रेषेला खेटून

28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांना विकिरित प्रकाशात रंग बदललेले किरण दिसले. रेणूंच्या कंपनांमुळे अशा किरणांच्या वर्णपटात रेषा उमटतात; पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्यांतल्या सोयीच्या रेषा आधी उचलल्या. कार्बन-हायड्रोजन बंधाची रेषा 3000 प्रति सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे मूळ प्रकाशापासून ऐसपैस लांब. स्फटिकात अख्खे रेणू डुलतात, त्या संथ कंपनांच्या रेषा मात्र 200च्या खाली, मूळ रेषेला खेटून; आणि ती तर लाखो पटींनी प्रखर. लग्नाच्या बँडशेजारी बसून तंबोरा ऐकण्यातला प्रकार!

तरीही 1940मध्ये रामन आणि नेडुंगाडी यांनी क्वार्ट्झ तापवत नेला, तेव्हा 220च्या जवळची रेषा पसरत पसरत मूळ रेषेकडे सरकताना दिसली. स्फटिकाची रचना बदलणार, याची ती चाहूल होती. 1928च्या झगमगाटात हे काम नाहक झाकोळलं, असं मला वाटतं.

लेसर आले, दुहेरी-तिहेरी मोनोक्रोमेटर आले, पुढे अतिशय काटेकोर फिल्टरही. सगळा खटाटोप मूळ प्रकाश अडवण्याचा. रेषा दिसू लागल्या, पण चित्र बिंदूबिंदूने, रखडत.

खरी वाट 1980च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये कीथ नेल्सन यांच्या गटाने रुळवली. 100 प्रति सेंटीमीटरच्या कंपनाचा एक हेलकावा सुमारे 330 फेम्टोसेकंदांचा. त्याहून आखूड लेसर-स्पंद आदळला की रेणू एका ठेक्यात डोलू लागतात. मागून येणाऱ्या दुसऱ्या स्पंदाचा रंग त्या डोलण्याने किंचित हलतो. दोन स्पंदांमधलं अंतर बदलत नोंदी घेतल्या की गणिताने वर्णपट हाती येतो. इथे संथपणा पथ्यावरच पडतो, कारण स्पंद फार आखूड नसला तरी भागतं.

घोडं अडलं ते अंतर बदलणाऱ्या, सावकाश सरकणाऱ्या आरशापाशी. 2013मध्ये इदेगुची, पिके, हान्श आणि सहकाऱ्यांनी आरसाच काढून टाकला: किंचित वेगळ्या गतीने स्पंद सोडणारे दोन लेसर घेतले, की अंतर आपोआप बदलत जातं. 2016मध्ये जपानमध्ये झपाट्याने हेलकावणाऱ्या आरशाने सेकंदाला 24,000 वर्णपट मिळवले. 2019मध्ये इस्रायल-फ्रान्सच्या संशोधकांनी कमी वारंवारतेच्या कंपनांचं चित्र सेकंदाच्या आत टिपलं.

एवढ्या घाईचं कारण औषधांमध्ये सापडतं. 1998मध्ये एचआयव्हीवरच्या रिटोनाविरच्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. रेणू तोच, पण स्फटिकातली मांडणी बदलली आणि औषध नीट विरघळेना. अशा दोन मांडण्यांमधला फरक सर्वांत ठळक उमटतो तो याच खालच्या पट्ट्यात.