मोफत बॉट वापरताना विश्वास कशावर ठेवावा?

टेंभुर्णी परिसरात उसाची लागण किती करावी, केळीचे क्षेत्र वाढवावे की नाही, हे बरेचसे उजनी धरणातील पाण्यावर ठरते. पूर्वी धरणाचा साठा वर्तमानपत्रातून किंवा आकाशवाणीवरून समजत असे. हल्ली मोबाईलवरील गटात "उजनी" एवढा शब्द टाकला तरी क्षणात टक्केवारी मिळू शकते. कांद्याचा व डाळिंबाचा बाजारभावही असाच मिळतो. हे उत्तर माणूस देत नाही. दूर कुठेतरी सतत चालू असलेल्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवलेली आज्ञावली ते देते. तिला बॉट म्हणतात. टेलिग्रामने असे बॉट तयार करण्याची सोय २०१५ साली सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून हौशी तरुणांनी फावल्या वेळात असंख्य बॉट तयार केले. त्यांतील अनेक मोफत आहेत, आणि काहींची आज्ञावली कोणालाही वाचता येईल अशी उघडी ठेवलेली असते. अशा आज्ञावलीला मुक्तस्रोत म्हणतात.

मोफत आहे आणि उघडे आहे, म्हणून विश्वासाचे आहे, असा समज सहज होतो. तो कितपत खरा, हे उजनीच्याच आकड्यावरून पाहू.

उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७.२३ टीएमसी आहे. त्यापैकी ६३.६६ टीएमसी मृतसाठा व ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आहे. समजा, धरणात एकूण ९०.४५ टीएमसी पाणी आहे. उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने धरण ५० टक्के भरले. एकूण क्षमतेने भागल्यास तेच धरण ७७ टक्के भरले. पाणी तेच, धरण तेच. उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" असे आपण म्हणतो तेव्हाही धरणात कित्येक टीएमसी पाणी असते, ते याच कारणाने. बॉटने नुसते "७७ टक्के" सांगितले आणि ते उपयुक्त साठ्याचे समजून कोणी चार एकर जादा लागण केली, तर एप्रिल-मे महिन्यात ऊस वाळू लागल्यावर बॉट करणाऱ्याला विचारून उपयोग नाही.

येथे आज्ञावली उघडी असण्याचा खरा फायदा लक्षात येतो. बॉट कोणत्या आकड्याला कशाने भागतो, हे त्यात लिहिलेले असते. गावातील संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी ते वाचून पाहू शकते, चूक आढळल्यास दुरुस्ती सुचवू शकते. बंद आज्ञावलीत ही सोय नाही. मात्र वाचता येते म्हणजे कोणीतरी वाचले आहेच, असे समजू नये.

बाजारभावाचेही असेच आहे. केंद्र शासनाच्या ॲगमार्कनेटवर आणि राज्य कृषि पणन मंडळाकडे शेतमालाचे किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात. कांद्याच्या किमान व कमाल दरात किती अंतर पडते, हे सोलापूर बाजार समितीत माल नेणाऱ्यांना सांगावयास नको. बॉट यांपैकी कोणता दर दाखवतो? ज्या दिवशी बाजार समितीची नोंद आलेली नाही, त्या दिवशी तो "माहिती नाही" असे सांगतो, की आदल्या दिवसाचा दर तारीख न लिहिता पुढे करतो? दुसऱ्या प्रकारचा बॉट अजिबात नसलेला बरा.

कृती उघडी, पण पिंपातील द्रावण?

डाळिंब व द्राक्ष बागायतदारांना एक टक्का बोर्डो मिश्रणाची कृती पाठ असते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. ही कृती कोणापासून लपलेली नाही. तरीही दुसऱ्याने तयार केलेले मिश्रण आपण तसेच फवारत नाही. त्यात लोखंडी खिळा किंवा सळई बुडवून पाहतो. तांबूस थर बसला तर चुन्याची निवळी आणखी घालतो. कारण छापलेली कृती बरोबर असली तरी पिंपात काय पडले आहे, ते कृतीवरून कळत नाही.

बॉटचे नेमके हेच आहे. उघडी ठेवलेली आज्ञावली ही कृती झाली. तुम्हाला उत्तर देते ती सर्व्हरवर चालू असलेली आज्ञावली. ती तीच आहे, की चालवणाऱ्याने तिच्यात चार ओळी वाढवल्या आहेत, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून खिळा बुडवून पहावा. आठ-दहा दिवस बॉटचे दर पणन मंडळाच्या दरांशी आणि आपल्या आडत्याच्या पट्टीशी ताडून पहावेत. धरणाचा आकडा जलसंपदा विभागाच्या आकड्याशी पडताळावा. जुळत गेले तर रोजच्या अंदाजासाठी बॉट वापरण्यास हरकत नाही. लागणीचा किंवा माल काढण्याचा निर्णय घेताना मात्र मूळ आकडा पहावाच.

ताडून पाहता येत नाही अशी एक गोष्ट आहे. आपण बॉटला जे पाठवतो, ते तो चालवणाऱ्याला वाचता येते. टेलिग्रामवरील बॉटला तुमचा मोबाईल क्रमांक आपोआप मिळत नाही, तुम्ही दिला तरच मिळतो. गटात जोडलेल्या बॉटला सर्वसाधारणपणे त्याला उद्देशून लिहिलेलेच संदेश दिसतात. परंतु त्याला गटाचा ॲडमिन केले की सर्वांचे सर्व संदेश दिसू लागतात. गटप्रमुखांनी हे ध्यानात ठेवावे. बॉट चालू करण्यासाठी तुमच्या व्हॉट्सॲपवरून क्यूआर कोड स्कॅन करा, असे कोणी सांगितल्यास करू नये. त्याने तुमचे खाते दुसऱ्याच्या संगणकाला जोडले जाते. गटात येणाऱ्या "पीएम किसान" वगैरे नावाच्या एपीके फाईलही उघडू नयेत. बाजारभाव सांगण्यासाठी कोणालाही तुमचा आधार क्रमांक लागत नाही.

कोरोनाच्या काळात या साधनाच्या दोन्ही बाजू दिसल्या. २०२१ साली लस कोठे शिल्लक आहे हे कळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी कोविनच्या खुल्या माहितीवर चालणारे मोफत बॉट तयार केले. त्यांना तुमच्याकडून जिल्हा किंवा पिनकोड यापलीकडे फारसे काही नको होते. जून २०२३ मध्ये मात्र टेलिग्रामवरील एका बॉटला मोबाईल क्रमांक दिला की लस घेतलेल्या व्यक्तीचे नाव व ओळखपत्राचा क्रमांक मिळतो, असे वृत्त आले. कोविन सुरक्षित असल्याचे आरोग्य मंत्रालयाने सांगितले, बॉट बंद पडला व चौकशी झाली. वापरणाऱ्याला दोन्ही बॉट सारखेच दिसले असते.

अपेक्षा किती ठेवावी?

आता दुसरी बाजू. बॉट दोन दिवस बंद राहिला की गटात शिव्या सुरू होतात. जुन्या इर्जिकेची पद्धत वाचकांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल. शेजारी आपली बैलजोडी घेऊन नांगरटीला येत, मोबदला म्हणजे जेवण. एखाद्याचे तास वाकडे गेले म्हणून त्याला कोणी फैलावर घेत नसे. मुक्तस्रोत आज्ञावलीच्या परवान्यातही स्पष्ट लिहिलेले असते की ही जशी आहे तशी दिली आहे, कोणतीही हमी नाही. १९८९ सालच्या पहिल्या जीपीएल परवान्यापासून हे कलम आहे. शिवाय आज्ञावली फुकट असली तरी सर्व्हरला भाडे लागते. हेरोकू या कंपनीने नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस आपली मोफत सेवा बंद केली, तेव्हा तिच्यावर चालणाऱ्या हौशी बॉटना एक तर पैसे भरावे लागले किंवा दुसरी जागा शोधावी लागली.

राबणाऱ्याला फार ताणले तर काय होते, याचे उदाहरण २०२४ साली जगाने पाहिले. एक्सझेड नावाची फाईल लहान करणारी आज्ञावली असंख्य सर्व्हरवर वापरली जाते. ती मुख्यतः एक माणूस विनामोबदला सांभाळत होता. दुरुस्त्या लवकर होत नाहीत म्हणून त्याच्यामागे तगादा लागला. त्याच सुमारास "जिया टॅन" या नावाने एकजण मदतीला आला, दोन वर्षांहून अधिक काळ नेटके काम करून त्याने विश्वास मिळवला आणि शेवटी आज्ञावलीत चोरवाट पेरली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद उशीर होतो असे जाणवले. तो खोलात गेला व चोरवाट सापडली. आज्ञावली उघडी होती म्हणून तिचा छडा लावता आला. तशीच ती उघडी असूनही काही आठवडे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

बॉट चालवणारा माहीत असावा, निदान त्याचे नाव व संपर्क बॉटच्या माहितीत लिहिलेला असावा. एकाच माणसावर सर्व भार असल्यास गटातील दोघांनी त्याच्याकडून काम शिकून घ्यावे आणि सर्व्हरच्या भाड्यासाठी वर्गणी द्यावी. पाणीवाटपाची वर्गणी आपण काढतोच.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे बॉटही आले आहेत. पीएम किसानच्या चौकशीसाठी केंद्र शासनाचा किसान ई-मित्र सप्टेंबर २०२३ पासून आहे. असे बॉट नीट वाक्यात बोलतात, त्यामुळे चुकीचे उत्तरही खरे वाटते. फवारणीचे औषध व मात्रा त्यांच्या सांगण्यावरून ठरवू नये. डब्यावरील लेबल वाचावे, शंका असल्यास मोहोळ येथील कृषि विज्ञान केंद्रात किंवा डाळिंबासाठी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारावे.

बॉटची चूक आढळल्यास गटात ओरड न करता चालवणाऱ्याला कळवावी. तारीख, वेळ, आपण काय विचारले, बॉटने काय उत्तर दिले आणि मूळ ठिकाणी कोणता आकडा होता, एवढे लिहावे. सोबत सातबारा, पासबुक किंवा आधारचे छायाचित्र जोडू नये.