नेसरीतला समुद्र

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमचे काका लालबागला गिरणीत होते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या खोलीवर राहायला गेलो तेव्हा एका रविवारी त्यांनी मला चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय तेव्हा गावाकडून आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या यादीत राणीच्या बागेइतकंच पक्कं असायचं. अंधाऱ्या दालनातल्या त्या उजळलेल्या काचा आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघत संथ फिरणारा एक पिवळा मासा, एवढंच आता आठवतं. पण ते साठीतही आठवतं, याला काहीतरी अर्थ असणारच.

तसा नेसरीचा आणि समुद्राचा संबंध नाही. आमचं गाव ओळखलं जातं ते प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांनी १६७४ च्या फेब्रुवारीत इथं दिलेल्या बलिदानामुळं. समुद्र बघायचा तर आंबोलीचा घाट उतरून, सावंतवाडी ओलांडून वेंगुर्ल्यापर्यंत, म्हणजे शंभरेक किलोमीटर जायला हवं. अशा गावात, बँकेतून निवृत्त झाल्यावर, मी समुद्राच्या पाण्याची पेटी घरात ठेवायचं ठरवलं. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, कादंबरी लिहून होत नाही म्हणून हे का?" रोज दूध घालणाऱ्या गवळ्यानं तर सरळच विचारलं, "सायेब, मासं खायाचं का नुस्तं बघायचं?"

नुसतं बघायचं, हे त्याला पटलं नाही. नातीला मात्र लगेच पटलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या हट्टापायी की माझ्या हौसेपायी कोण जाणे, मी घाई केली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटी आणली. पाणी केलं, वाळू पसरली, आठव्या दिवशी तीन निळे डॅमसेल मासे आणून सोडले. नातीनं त्यांची बारशीही केली. चौथ्या दिवशी सकाळी तिन्ही मासे वर तरंगत होते.

ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आजोबा, ते समुद्रात असते तर मेले असते का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणजे होतं, पण द्यायची लाज वाटत होती. बँकेत असताना अर्जदाराची ऐपत न तपासता कर्ज मंजूर करणाऱ्यांच्या फायलींवर मी लाल शाईनं शेरे मारले. इथं मी स्वतःच कसलीही तपासणी न करता तीन जीव त्या पाण्यात टाकले होते. मग मी वाचायला बसलो. ते आधी करायला हवं होतं.

मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. उरलेलं खाणं कुजलं की त्याचाही अमोनिया होतो. हा अमोनिया माशाला विष. समुद्रात तो क्षणात विरून जातो, पेटीत जायला जागा नसते. त्याचा निकाल लावतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच; दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत, वाळूत, गाळणीत घर करतात, पण त्यांची वस्ती पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटी स्वच्छ दिसते, पाणी काचेसारखं असतं आणि मासा सोडला की मरतो. माझं नेमकं हेच झालं होतं.

दुसऱ्या खेपेला मी वही घातली. तारीख, तापमान, पाण्याची घनता, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट असे रकाने आखले. रिकाम्या पेटीत चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि दर दोन दिवसांनी परीक्षा-संचातले थेंब टाकून रंग बघायचा. आधी अमोनिया चढला, मग उतरला. मग नायट्राइट चढलं, तेही उतरलं. सदतीसाव्या दिवशी दोन्ही रकान्यांत शून्य आलं. निवृत्तीनंतर शून्याचा इतका आनंद मला प्रथमच झाला.

पाण्याबद्दल शेजारी एक शंका हमखास विचारतात: "घरातलं मीठ टाकलं की झालं ना?" नाही झालं. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला सहा-सातांश भाग आपलं खायचं मीठ, हे खरं. पण बाकीच्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही असतं आणि ते नसेल तर समुद्रातले जीव टिकत नाहीत. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झालेल्या शिरोड्याच्या मिठागरांतून मीठ आणलं तरी उपयोग नाही. मिठागरात मीठ आधी धरतं आणि मॅग्नेशियम मागं उरलेल्या कडू पाण्यात राहतं. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेलं क्षारांचं मिश्रणच घ्यावं आणि ते शुद्ध केलेल्या, आरओच्या पाण्यात विरघळवावं. माझ्या पेटीत वाळू-दगड वगळून १६० लिटर पाणी बसतं. त्याला साडेपाच ते सहा किलो मिश्रण लागतं. घनता १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५ ते २७ अंश ठेवायचं. किनाऱ्यावरून कॅन भरून आणायचा मोह मलाही झाला होता. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यानं ते पातळ झालेलं असतं.

आणखी एक गोष्ट. पेटीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण उडतं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. खारं पाणी लागतं ते आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलताना. आणि ज्या टेबलावर पेटी ठेवाल ते नीट पारखून घ्या. पाणी, काच, दगड, वाळू मिळून दोन क्विंटलांच्या वर वजन भरतं. सौं.च्या माहेरचं टेबल मी वापरणार होतो. त्यांनी नाही म्हटलं, ते बरं झालं.

आता मासे. नातीला समुद्रघोडा हवा होता, पोवळ्याची झाडं हवी होती. तिला सांगावं लागलं की २००१ पासून ही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत. १९८७ साली तिथला २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला तो काही उगाच नाही. मी वापरले ते कोरडे सच्छिद्र दगड. जिवाणूंना तेवढं पुरतं.

हा छंदच मुळात जरा अपराधी आहे. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला तो फिलिप हेन्री गॉस या इंग्रज अभ्यासकाच्या १८५४ सालच्या पुस्तकानं. ते वाचून इंग्लंडभर लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर धावले आणि खडकांतली डबकी खरवडून रिकामी केली. गॉसच्या मुलानं, एडमंडनं, १९०७ साली लिहिलेल्या ‘फादर अँड सन’मध्ये त्या उजाड झालेल्या किनाऱ्याची खंत नोंदवली आहे. पुढं १९६० नंतर फिलिपाइन्समध्ये मासे गुंगवून पकडायला सायनाइड वापरायला लागले. त्यानं मासा हाती येतो आणि खालचं पोवळं मरतं. आजही खाऱ्या पाण्यातले शोभेचे बहुतेक मासे समुद्रातूनच पकडलेले असतात.

अपवाद थोडे, त्यांतला एक क्लाउनफिश. तो बंदिस्त पाण्यात अंडी घालतो. आपल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनं मंडपम आणि विळिंजमच्या केंद्रांत त्याची पैदास करून दाखवली आहे. म्हणून मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला: समुद्रातला की हौदातला? हौदातलाच हवा म्हणून महिनाभर थांबलो. मग दोन आले, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले. हे सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा पुढं मादी होतो. हे गवळ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प उभा राहिला.

जुलैतल्या एका रात्री वादळात वीज गेली ती चौदा तास आली नाही. पाणी हललं नाही की त्यात प्राणवायू मिसळत नाही. सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप होता म्हणून निभावलं. मी आणि सौ. आळीपाळीनं जागलो. या छंदावर पहिल्या दिवसापासून टीका करणारी बाई पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात माशांना म्हणत होती, "आहात ना रे?"

त्या दोघांना आता तीन वर्षं होतील. वही नात लिहिते, रकान्यात चूक नाही.

गेल्या मे महिन्यात तिला मालवणला नेलं. ओहोटी होती. खडकातल्या एका डबक्यात बोटभर मासा फिरत होता. ती उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली. हातात पाण्याची रिकामी बाटली होती, ती तिनं खाली ठेवली.

"आजोबा, हे पाणी कोण बदलतं?"

"समुद्र. दिवसातून दोनदा."

"मग बरंय," ती म्हणाली आणि बाटली उचलून पुढं चालायला लागली.