तो आपल्याला ओळखत नाही, तरी आपला का वाटतो?

आत्ता माझा आवाज थेट तुमच्या कानात आहे. मी कशावर हसतो, कशावर चिडतो, सगळं तुम्हाला माहितीये. मला मात्र तुमचं नावही माहीत नाही. आजचा विषय हाच.

याला म्हणतात पॅरासोशल, म्हणजे एकतर्फी नातं. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी ते मांडलं. टीव्हीवरचा सूत्रसंचालक कॅमेऱ्यात बघून असा बोलायचा, की घरी बसलेल्याला वाटावं, हा माझ्याशीच बोलतोय! आपल्याकडे १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ आलं आणि लोक अरुण गोविलांच्या पाया पडू लागले.

असं का होतं? रोज तोच चेहरा, तोच आवाज दिसला-ऐकला की मनाला ओळख पटते. समोर माणूस आहे की स्क्रीन, हा हिशेब मन नंतर करतं.

एप्रिल २०२० मध्ये इरफान खान गेला, तेव्हा त्याला कधीही न भेटलेले कितीतरी जण रडले. ते रडणं खोटं नव्हतं. नातं एकतर्फी असलं, तरी दुःख खरंच असतं.

मग गोची कुठे होते? विश्वासात. मित्र सल्ला देतो तेव्हा त्याला आपल्या खिशाची कल्पना असते. स्टारला नसते. जाहिरातवाले पैसे मोजतात ते याच आपलेपणाचे. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून एखाद्या ॲपवर पैसे लावण्याआधी एवढंच विचारा: याला माझी परिस्थिती माहितीये का?

आणि हो, मी काही विकायला लागलो, तर मलाही हाच प्रश्न लावा.