श्रवणयंत्र : निवड आणि सवय

डोळ्यांना चष्मा लागला म्हणून कोणी घराबाहेर पडण्याचे टाळीत नाही. परंतु कानाला यंत्र लावण्याची वेळ आली की तोच मनुष्य संकोचतो. आणि धीर करून यंत्र आणलेच, तर पुष्कळ घरांतून ते कानावर राहण्याऐवजी कपाटात राहते. आमच्या घरी नेमके असेच घडले. आमच्या वडिलांचे नवे श्रवणयंत्र चार महिने कपाटातील डबीत पडून होते. ते तेथून पुन्हा कानावर कसे आले, आणि त्या निमित्ताने या यंत्राची निवड व सवय यांविषयी आम्हांस जे समजले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यंत्र आणले ते २०२३ सालच्या चवथीच्या तोंडावर. वडिलांनी ते प्रथम लावले तेही चवथीच्याच दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना. आरतीला घुमट, शामेळ आणि कासाळे यांचा एकच गजर झाला, बाहेर फटाके वाजले, आणि वडिलांनी दोन्ही कानांवर हात ठेवून यंत्र काढले. "याच्यापेक्षा माझे बहिरेपण बरे," असे म्हणून त्यांनी ते डबीत बंद केले. आम्हीही पुन्हा आग्रह केला नाही. ती चूक आमची होती, हे आम्हांस फार उशिरा कळले.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये नारळ पाडले, तेव्हा नेहमीचा व्यापारी आला. ढिगातील लहान नारळ बाजूला काढून त्याने "साठ" असे सांगितले. वडिलांनी ऐकले "आठ", आणि मान डोलावली. पैसे हाती आले तेव्हा ते कमी वाटले. लहान नारळ साठ धरल्याचे कळताच वडिलांनी चारचौघांत त्या गृहस्थाला लबाड म्हटले. तीस वर्षांचा परिचय. तो बिचारा एक शब्दही न बोलता निघून गेला. खरा प्रकार समजला तेव्हा वडिलांना झालेले दुःख आम्ही पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्याच्या घरी जाऊन आले, आणि परतल्यावर त्यांनी कपाटातील डबी मागितली.

'साठ' आणि 'आठ'! कोंकणीत म्हणा की मराठीत म्हणा, या दोन शब्दांत भेद आहे तो एका सकाराचा. आणि वृद्ध कानांना प्रथम अंतरतो तो बहुधा हाच वर्ण. असे का व्हावे?

आवाजाची कंपने पडद्यावर आदळतात, तेथून तीन इवल्या हाडांच्या द्वारे आतील शंखाकृती नलिकेत पोहोचतात. या नलिकेत सूक्ष्म केशपेशी असतात. प्रत्येक कानात त्यांची संख्या सुमारे १५,००० असते. त्या कंपनांचे रूपांतर मज्जातंतूंतील संदेशांत करतात. नलिकेच्या तोंडाशी असलेल्या पेशी उच्च स्वर टिपतात, आणि वयोमानाने वा गोंगाटाने प्रथम झिजतात त्या याच. मनुष्याच्या कानातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. आता, 'आ' सारख्या स्वरांचे बळ बहुतांशी १००० हर्ट्झच्या आसपास व त्याखाली असते, तर 'स'चे ४००० हर्ट्झच्या आसपास व त्यावर. त्यामुळे असा मनुष्य आवाज ऐकतो, पण शब्द चुकतो. आणि "हल्ली माणसे पुटपुटतात," अशी तक्रार करतो. त्याच्याशी ओरडून बोलल्याने स्वर मोठे होतात, सकार मात्र तसाच दुबळा राहतो.

यंत्र निवडण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान दाखविणे हे पहिले काम. कधीकधी मळ साचल्याने किंवा पडद्यामागे पाणी झाल्यानेही ऐकू कमी येते, आणि त्याला यंत्र नव्हे, उपचार लागतात. एखाद्याचे ऐकणे एकाएकी, एकदोन दिवसांत कमी झाले, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. अशा वेळी उपचाराला पहिले काही दिवसच मोलाचे असतात.

त्यानंतर श्रवणतज्ज्ञ शांत खोलीत तपासणी करून श्रवणालेख काढतात. त्यात आडव्या रेषेवर स्वराची उंची हर्ट्झमध्ये आणि उभ्या रेषेवर तो ऐकू येण्यास लागणारा जोर डेसिबलमध्ये दाखविलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे २० डेसिबलपर्यंतचे ऐकणे सामान्य, २० ते ३५ सौम्य उणेपणाचे, ३५ ते ५० मध्यम उणेपणाचे मानतात. त्यापुढे उणेपणा अधिक तीव्र होत जातो. आपले नेहमीचे संभाषण एका मीटरवर साधारण ६० डेसिबलचे असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. हा आलेख घरी जपून ठेवावा.

यंत्रांचे प्रकार अनेक आहेत : कानामागे बसणारे, कानामागे बसून बारीक तारेने ध्वनी कानात सोडणारे, कानाच्या पाळीत मावणारे, आणि कानाच्या नळीत दडणारे. बहुतेकांना लहानात लहान हवे असते, कारण ते दिसत नाही. पण फार लहान यंत्राची बॅटरीही लहान. ती बदलण्यास स्थिर बोटे व चांगली दृष्टी लागते. उणेपणा फार असेल तर तेवढी शक्तीही त्यात मावत नाही. कान वाहत असेल तर नळी बंद करणारे यंत्र योग्य नव्हे. दोन्ही कान उणे असतील तर तज्ज्ञ बहुधा दोन यंत्रे सुचवितात. कारण आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांची तुलना करूनच ठरवितो.

बाजारात स्वस्त, तयार 'आवाज वाढविणारी' साधनेही मिळतात. त्यांतली पुष्कळशी सर्वच आवाज सरसकट मोठे करतात. खरे श्रवणयंत्र श्रवणालेखाप्रमाणे बसविलेले असते. जो स्वर जितका उणा तितकाच तो वाढवावयाचा, हळू आवाज अधिक व मोठा आवाज कमी वाढवावयाचा, असा त्याचा हिशेब असतो. म्हणून यंत्र बसविणारा श्रवणतज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे ना, काही दिवस वापरून पाहण्याची सवलत आहे ना, आणि नंतरच्या दुरुस्त्या करून मिळतील ना, हे तीन प्रश्न किमतीच्याही आधी विचारावेत. खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी १९८१ पासून केंद्र सरकारची साहाय्यक साधनांची योजना आहे. मुंबईस १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था येथे या विषयाचे शिक्षण, तपासणी व मार्गदर्शन होते. आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी केल्यास पुढील वाट समजते.

आता सवयीचा विचार. पुष्कळ वर्षे ज्या मेंदूला पंख्याची घरघर, नळाची धार, कागदाची सळसळ यांपैकी काहीच पोहोचले नाही, त्याच्यावर हे सर्व एकदम कोसळले तर तो गोंधळणारच. आपला मेंदू निरुपयोगी आवाज बाजूला सारावयास शिकलेला असतो. ही विद्या वृद्धाला नव्याने शिकावी लागते, आणि तीस आठवडे, कधी महिनेही लागतात. चवथीच्या गजरात आम्ही वडिलांना हा पहिला धडा दिला, म्हणजे ज्याने पाण्यात पाय घातला नाही त्याला थेट भरतीच्या समुद्रात ढकलले!

दुसऱ्या वेळी श्रवणतज्ज्ञांच्या सल्ल्याने क्रम बदलला. पहिल्या आठवड्यात घरातील शांत खोलीत दिवसातून दोनतीन तासच यंत्र लावले. कोणता आवाज कशाचा, हे वडील ओळखीत. न ओळखल्यास आम्ही सांगत असू. स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो, अशी त्यांची तक्रार होती. कानाची नळी बंद झाल्याने असे होते. श्रवणतज्ज्ञांनी कानात बसणारा भाग बदलून हवेला वाट करून दिली, तेव्हा ती बरीच कमी झाली. दुसऱ्या आठवड्यात एकाच माणसाशी बोलणे सुरू केले. आमचा पुतण्या सातवीत होता. तो रोज संध्याकाळी सोप्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाची, आणि त्याचे आजोबा त्याच अंकाची दुसरी प्रत हाती धरून शब्दामागून शब्द ताडून पाहत. पुढे हातातील प्रत गेली. त्याहीपुढे मुलाने पाठ करून वाचावयाचे, असे ठरले. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूरचित्रवाणी व दोनतीन माणसांचे बोलणे, आणि बाजार व देऊळ सर्वांच्या शेवटी. कोठे, कोणता आवाज खुपला, हे एका वहीत टिपून ठेवीत असू. पुढच्या भेटीत त्या वहीवरून यंत्राची जुळणी सुधारता आली. नुसते "बरोबर नाही" म्हटल्याने तज्ज्ञाला काही कळत नाही. मात्र कान दुखला, सोलवटला किंवा आवाज असह्य झाला, तर सवय होईल म्हणून सोसू नये.

घरच्यांनाही सवयी लावून घ्याव्या लागतात. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणून स्वयंपाकघरातून हाक न मारता जवळ यावे, समोर उजेडात बसावे, आधी नाव घेऊन मग बोलावे. न कळल्यास तेच वाक्य ओरडून सांगण्यापेक्षा निराळ्या शब्दांत सांगावे. आणि "काही नाही, राहू दे," हे शब्द कधीही उच्चारू नयेत. ऐकू न येण्यापेक्षा हे शब्दच माणसाला घरात एकटा पाडतात.

यंत्राची निगा सोपी आहे. रोज कोरड्या मऊ कापडाने पुसावे, स्नानाच्या वेळी काढावे, आणि आपल्या दमट हवेत रात्री आर्द्रता शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवावे. हवेवर चालणाऱ्या जस्ताच्या बॅटरीवरील चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून ती बसवावी. पट्टी काढली की ती वापराविनाही उतरू लागते. या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळल्या गेल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. यंत्र शिटी घालू लागले तर ते नीट बसले नाही किंवा कानात मळ आहे, असे समजावे.

यंत्राने तरुणपणाचे कान परत मिळत नाहीत. गर्दीत वडिलांचे शब्द आजही चुकतात, आणि घुमट वाजू लागले की ते यंत्राचा आवाज कमी करतात. पण संध्याकाळी सोप्यावरच्या गप्पांत ते पुन्हा सामील होतात, आणि तो नारळाचा व्यापारी आला की प्रथम आपणच विचारतात, "साठ की आठ?" दोघेही हसतात.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी एखादे यंत्र असेच डबीत पडले असेल, तर आजीआजोबांना ते लावण्याचा नुसता आग्रह करू नका. रोज अर्धा तास त्यांच्यासमोर बसून काहीतरी वाचून दाखवा. यंत्र दुकानात मिळते. पण त्याची सवय लावणारा सोबती घरातूनच मिळावा लागतो.