माळ्यावरची मेमरी

तुमच्या संगणकात 8 जीबी रॅम आहे असं धरू. साधं नोटपॅड उघडा आणि त्यात लिहा : दूध, कोथिंबीर, पाव किलो रवा. या इवल्याशा नोटपॅडची समजूत काय असते माहीत आहे? आपल्या एकट्याच्या नावावर 128 टीबी मेमरी आहे! आजचं 64 बिट विंडोज प्रत्येक 64 बिट प्रोग्रॅमला पत्त्यांचा एवढा मोठा मुलूख देऊन टाकतं. खऱ्या रॅमच्या 16,384 पट. शेजारच्या ब्राउझरचीही तीच समजूत, गाणी वाजवणाऱ्या प्लेअरचीही तीच. तरी सगळ्यांचं काम सुरळीत चालतं. हे जमतं तरी कसं?

आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. मिसळणाचा डबा, पोळपाट, कढई ओट्यावर. चकलीचा सोऱ्या माळ्यावर. सोऱ्या हवा झाला की शिडी लावायची, तो उतरवायचा आणि त्याच्यासाठी ओट्यावरचं काहीतरी वर टाकायचं. संगणक अगदी हेच करतो. फक्त त्याचे सगळे डबे एकाच मापाचे असतात : 4,096 बाइटचे. एका डब्याला म्हणायचं पेज. 8 जीबीच्या ओट्यावर असे जवळपास एकवीस लाख डबे मावतात!

कुठला डबा कुठे आहे, याची नोंद एका तक्त्यात असते. प्रोग्रॅमनं सांगितलेला पत्ता प्रोसेसर त्या तक्त्यानुसार खऱ्या जागेत बदलून घेतो, प्रत्येक वेळी. आणि डबा माळ्यावर निघाला तर? चालू असलेली सूचना अर्ध्यावर थांबते. विंडोज पेज खाली आणतं, तक्ता दुरुस्त करतं आणि तीच सूचना पहिल्यापासून पुन्हा चालवली जाते. प्रोग्रॅमला याचा पत्ताही नसतो. रात्रीच्या प्रवासात झोपलेलं मूल सकाळी आजीच्या घरी डोळे उघडतं, तसं.

ही किमया आजची नाही. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲटलस नावाचा संगणक घडवला, तो 1962 साली सुरू झाला. त्याची मुख्य मेमरी होती 16,384 शब्दांची; शब्द म्हणजे इथे मेमरीचं एक माप. आजच्या मापात 96 केबी. मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. पेज होतं 512 शब्दांचं, म्हणजे ओट्यावर जेमतेम 32 डबे. माळा म्हणजे गरगर फिरणारे चुंबकीय ड्रम, सगळे मिळून 98,304 शब्दांचे. त्याआधी कोणता भाग कधी आत आणायचा आणि कधी बाहेर काढायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवून द्यावं लागे. ॲटलसनं ते ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. ड्रम आणि मेमरी मिळून एकच सलग कोठार आहे, असं प्रोग्रॅमला दिसू लागलं. शिवाय कुठलं पेज सर्वांत जास्त वेळ लागणार नाही, याचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅमही त्यात होता. बत्तीस डब्यांसाठी केवढी ही हुशारी!

मग माळा खूप मोठा केला की झालं? थांबा. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. तो वेळ ताणून एक सेकंद केला, तर एसएसडीवरून तीच गोष्ट आणायला सतरा मिनिटं लागतील. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून? जवळजवळ अठ्ठावीस तास! जुन्या संगणकावर चार-पाच खिडक्या उघडल्या की डिस्कचा दिवा अखंड पेटलेला, आतून कर्रकर्र आवाज आणि माऊस जागीच गोठलेला, हे अनेकांनी अनुभवलं असेल. उतरवलेला डबा उघडण्याआधीच पुन्हा माळ्यावर जात असतो. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात आणि पीटर डेनिंग यांनी 1968 मध्येच तिचं कारण उलगडून दाखवलं. चालू कामाला एका वेळी लागणारी पेजेस रॅममध्ये मावत नसतील, तर संगणक नुसता शिडीवर चढ-उतार करत राहतो. माळा वाढवून ओटा वाढत नाही. वेग हवा असेल तर रॅमच वाढवायला हवी.

मग माळ्याचा आकार ठरवायचा तरी कशावरून? इथे मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट येते. विंडोज शब्दाला फार जागतं. 128 टीबीचे ते नुसते पत्ते; पण प्रोग्रॅमनं प्रत्यक्ष मेमरी मागितली आणि विंडोजनं हो म्हटलं, की तेवढी जागा रॅममध्ये किंवा माळ्यावर असायलाच हवी, मग प्रोग्रॅम ती वापरो वा न वापरो. लग्नघरी पाचशे पानांचा अंदाज असेल तर चारशेच येतील म्हणून शिधा कमी भरत नाहीत, तसंच. म्हणजे हिशेब करायचा तो दिलेल्या शब्दांचा.

आणि हा हिशेब चक्क समोर दिसतो! टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि 'कमिटेड' शब्दाखालचे दोन आकडे पाहा. पहिला, आत्तापर्यंत दिलेले शब्द. दुसरा, जास्तीत जास्त किती देता येतील : रॅम आणि पेजफाइल, म्हणजे डिस्कवरचा आपला माळा, मिळून. तुमची नेहमीची सगळी कामं एकदम उघडा आणि पहिला आकडा टिपून घ्या. तो 14 जीबी निघाला आणि रॅम 8 असली, तर माळा किमान 6 जीबीचा हवा.

आता रॅमच्या दीडपट पेजफाइल ठेवायचा तो जुना नियम या हिशेबाशी ताडून पाहा. त्या नियमानं 32 जीबी रॅमवाल्याला 48 जीबीचा माळा लागेल आणि 4 जीबीवाल्याला फक्त 6 जीबीचा. गरज नेमकी उलटी असते! ओटा जितका ऐसपैस, तितका माळा कमी लागतो.

माझ्या मते बहुतेक घरांत हा आकार विंडोजवरच सोपवावा. गरजेप्रमाणे ते स्वतःच तो वाढवतं. डिस्कवर जागेची टंचाई असेल किंवा मेमरी संपल्याचा इशारा येत असेल, तरच हात घाला. किमान आकार आपल्या हिशेबाचा, कमाल त्याच्या दुप्पट आणि जागा शक्यतो एसएसडीवर. पेजफाइल पूर्ण बंद मात्र करू नका. रॅम भरपूर असली तरी शब्द द्यायची मर्यादा तेवढ्यानं खाली येते आणि संगणक कोलमडला तर कारण शोधायला लागणारी नोंदही बहुधा याच फाइलच्या आधारानं होते.

पेजफाइलच्या सेटिंगमध्ये हे आकडे मेगाबाइटमध्ये भरायचे असतात : 6 जीबीला 6144, 12 जीबीला 12288. ओके म्हणा, संगणक पुन्हा सुरू करा आणि नोटपॅड उघडा. दूध, कोथिंबीर, पाव किलो रवा. त्याच्या लेखी काहीच बदललेलं नाही. 128 टीबीचा मुलूख जसाच्या तसा त्याच्यासमोर पसरलेला आहे.